बुद्ध पौर्णिमेच्या मचाणावरून वाघांची गणना होत नाही, राजेहो

दरवर्षी बुद्ध पौर्णिमेला ताडोबा-मेळघाटात लोकं प्राणी मोजायला पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसले की गावागावात मेसेज फिरतो, एवढे वाघ दिसले म्हणजे जंगलात एवढेच वाघ. हे खरं नाही. एकच वाघ रात्रीतून दोन पाणवठ्यांवर येऊ शकतो, मग तो दोनदा धरला जातो, अन् दुसरा पाण्यावर आलाच नाही तर तो सुटतो. अधिकृत अंदाज दर 4 वर्षांनी निघतो, मुख्यतः कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, फोटोंवरून, कारण प्रत्येकाचे पट्टे वेगळे.

पण म्हणून आपल्या नोंदी बिनकामाच्या असं बिलकुल समजू नका! 2023 चा भारतातल्या पक्ष्यांचा अहवाल 30 हजार पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं ॲप अन् वेबसाइट) टाकलेल्या जवळपास 3 कोटी नोंदींवर उभा आहे, दसऱ्याला आपण ज्याचं दर्शन शोधतो तो नीलपंख देशभर कमी होतोय हे त्यातूनच समोर आलं. म्हणून कपाशीच्या धुऱ्यावर 15 मिनिटं उभं राहा, तारेवर, बाभळीवर दिसले ते सगळे पक्षी तारीख-वेळ-जागेसकट ई-बर्डवर टाका, नुसता दुर्मिळ तेवढा नको, कारण यादीत साळुंकी नसणं हीसुद्धा अभ्यासकांसाठी माहितीच असते.