विंटररूम वेगळी, बिव्हॅक वेगळा

आल्प्समधल्या एखाद्या हटसमोर, म्हणजे गिर्यारोहकांच्या डोंगरातल्या मुक्कामघरासमोर, ‘राखणदार नाही’ असं वाचलं, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: लाकडी घर, पेटलेली शेगडी, जाड पांघरुणं आणि आपणच राजे. हे चित्र विंटररूमचं आहे. त्याच भरवशावर बिव्हॅक, म्हणजे डोंगरातला एकटा छोटा निवारा, गाठलात तर रात्र कुडकुडत जाईल.

विंटररूम म्हणजे मोठ्या हटचीच एक खोली, जर्मनमध्ये विंटरराउम. उन्हाळ्यात हटवर राखणदार असतो, गरम सूप मिळतं, बुकिंग लागतं. हंगाम संपला की तो मुख्य घर बंद करून खाली उतरतो आणि ही खोली तेवढी मागे ठेवतो. आत बहुधा गाद्या, ब्लँकेटं, भांडी आणि लाकडावरची शेगडी. सह्याद्रीत गडावर काटक्या गोळा करायची आपली सवय इथे कामाची नाही. एवढ्या उंचीवर झाडच नसतं. सरपण बऱ्याचदा हेलिकॉप्टरने आणलेलं असतं. त्यामुळे खोली उबदार झाली की ओंडके कोंबणं थांबवायचं.

खरी गोम किल्लीची. स्वित्झर्लंडमध्ये विंटररूम सहसा उघडी असते. ऑस्ट्रिया-जर्मनीत मात्र अनेक ठिकाणी अल्पाइन क्लबचं कुलूप असतं आणि त्याची किल्ली सभासदांनाच, अनामत ठेवून मिळते. गुडघाभर बर्फ तुडवत अंधार पडताना दारापाशी पोचल्यावर हे कळू नये. पैसे मागायला कुणी नसलं तरी ते द्यायचेच असतात, पेटीत टाकून किंवा नंतर बँकेत भरून. खोलीतल्या नोंदवहीत नावाबरोबर उद्याची वाटही लिहायची. शोधायची वेळ आली तर बचावपथक ती वही बघतं.

बिव्हॅक हा कुठल्या हटचा भाग नसतो. कड्यावर, हिमनदीच्या काठावर एकटाच बसवलेला पत्र्याचा डबा म्हणा ना. इटलीच्या गिर्यारोहकांनी १९२५ मध्ये माँ ब्लाँ परिसरात असे पहिले डबे बसवले: अर्ध्या पिंपाच्या आकाराचे, आत सरळ उभंही राहता येऊ नये एवढे बुटके. तिथे ना राखणदाराचा हंगाम, ना सहसा किल्ली. पण शेगडी आणि सरपण धरून चालायचं नाही. ब्लँकेटं असली तर नशीब. स्लीपिंग बॅग, गॅस, भांडं सगळं पाठीवर. गॅस पेटवताना फट उघडी ठेवा. बंद जागेत साठणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. बर्फ वितळवताना भांड्याच्या तळाशी आधी घोटभर पाणी घाला, नाहीतर भांडं करपतं.

आणि निघण्यापूर्वी तो बिव्हॅक जागेवर आहे ना, तेही विचारा. ही थट्टा नव्हे. माँ ब्लाँच्या इटालियन बाजूला कोल द ला फूर्शचा बिव्हॅक २०२२ च्या ऑगस्टमध्ये खालचा खडकच ढासळल्याने कोसळला.

दिसायला असाच, पण मुक्कामासाठी नसलेला निवारा म्हणजे मॅटरहॉर्नच्या हॉर्न्ली धारेवरची ४००३ मीटरवरची सोल्वे हट. जागा दहा जणांची, तीही फक्त संकटात. तिथे झोपण्याचा बेत आखून जाणं मला तरी उर्मटपणा वाटतो.

बिव्हॅक सोडताना दार बाहेरून दोन-तीनदा ओढून बघा. कडी अर्धवट राहिली तर वारा दार उघडतो आणि पुढचा माणूस येईपर्यंत गाद्यांवर बर्फ साचलेला असतो.