अळीवरील परजीवी कीटकांची ओळख (कोल्हापूर परिसर)

परजीवी कीटक म्हणजे पतंगाच्या अळीच्या अंगात किंवा अंगावर वाढून शेवटी तिचा जीव घेणारे कीटक. ढालकिड्यासारखा शिकारी कीटक दिवसाला कितीतरी मावा फस्त करतो. परजीवी कीटकाचे पिल्लू मात्र एकाच अळीवर लहानाचे मोठे होते. कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात खोडकिडीवर, रब्बीत हरभऱ्याच्या घाटे अळीवर आणि मळ्यातल्या कोबीवर ते आढळतात.

ओळखीची सुरुवात कोषापासून करावी. मेलेल्या अळीलगत तांदळाच्या दाण्यांसारखा पांढरा पुंजका दिसला की ती अळीची अंडी समजून चिरडली जातात. ही चूक फार महागात पडते, कारण अळी अंडी घालतच नाही; तो पुंजका परजीवीच्या कोषांचा असतो. अंडी पतंगाची मादी घालते. उसाच्या पोखरलेल्या कांड्यात असा पुंजका बहुधा कोटेशिया फ्लॅव्हिपीस या गांधीलमाशीच्या कुळाशी नाते सांगणाऱ्या बारीक कीटकाचा असतो. कोबीवर चौकोनी ठिपक्याच्या पतंगाचा स्वतःचा कोष जाळीदार असून आतला जीव दिसतो, तर त्याच्या अळीवरील परजीवी कोटेशिया वेस्टालिसचा कोष एकटा, घट्ट विणीचा आणि अपारदर्शक असतो. घाटे अळीतून कॅम्पोलेटिस क्लोरिडी ही परजीवी बाहेर पडते तेव्हा अळीचे सुकलेले कातडे कोषाजवळच राहते.

टॅकिनिड माशीचा (परजीवी माश्यांचे एक कूळ) कोष रेशमी नसतो. ती तांबूस-तपकिरी, टणक कुपी असते. खोडकिडीवरच्या स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्सची मादी जिवंत पिल्ले अळीने पाडलेल्या भोकाशी सोडते आणि ती आत सरपटत जातात. इतर काही टॅकिनिड माश्यांची अंडी अळीच्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली दिसतात.

पूर्ण वाढलेला कीटक हाती आला तर आधी पंख मोजावेत: माशीला एक जोडी, गांधीलमाशीच्या गटाला दोन. इक्न्यूमोनिड आणि ब्रॅकोनिड ही या दुसऱ्या गटातली दोन कुळे वेगळी करायला भिंग व पुढच्या पंखातील शिरा पाहाव्या लागतात. इक्न्यूमोनिडमध्ये असणारी दुसरी प्रतिवर्ती शीर (रिकरंट व्हेन) बहुतेक ब्रॅकोनिडमध्ये नसते. हे घाईने होणारे काम नाही.

खात्री हवी असेल तर अळी पाळावी. एका बाटलीत एकच अळी, ताजा पाला, तोंडाला मलमलचे फडके. चिठ्ठीवर गाव, पीक, तारीख. ही चिठ्ठी नसेल तर नमुना जवळजवळ निरुपयोगी. बाटलीत निघालेला कीटक परजीवीवरचाच परजीवी असू शकतो, म्हणून रिकामा कोष व अळीचे अवशेषही जपावेत. डोके खाली करून लोंबकळणारी, फुटून पाणी गळणारी अळी मात्र विषाणूने मेलेली असते. तिच्यात कोष शोधू नये.