ॲव्हरेज पडत नाही? आधी मोजून आणा

(जुन्या पेट्रोल गाड्या वापरणाऱ्या आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी)

"गाडी पेट्रोल फार खायला लागलीय, जरा ट्यूनिंग करून द्या." शटर वर गेल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत हे वाक्य दोनदा तरी कानावर पडतं. आम्ही विचारतो, किती देते? "पूर्वी अठरा द्यायची, आता बाराच देते." कसं मोजलंत? यावर जरा शांतता, आणि मग, "अंदाजे." या अंदाजानं आमचे अर्धेअर्धे दिवस गेलेत आणि तुमचे पैसेही, म्हणून हा कागद छापून घेतला.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्या ठरलेल्या आहेत. मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, पहिल्या सँट्रो आणि वॅगन-आर, आणि मालकाच्या हौसेपोटी अजून चालणारी एखादी प्रीमियर पद्मिनी. शेवटची ८०० कारखान्यातून बाहेर पडली ती जानेवारी २०१४ मध्ये, तेव्हा त्यातली आता तरुण म्हणावी अशी एकही नाही. तरीही ते ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन नीट राखलं तर आजही इमानानं चालतं. जुनी गाडी आहे म्हणून पेट्रोल पिणारच, हे आम्ही मानत नाही. पण ट्यूनिंग केलं की पेट्रोल वाचणारच, हेही मानत नाही.

पाचशेचं पेट्रोल आणि लाल काटा

बहुतेकांची मोजायची पद्धत अशी: काटा लाल रेषेला टेकला की पाचशेचं पेट्रोल टाकायचं, पुन्हा टेकला की किती किलोमीटर झाले ते बघायचं. पद्धत सोपी आहे, पण चुकीची आहे.

८०० ची टाकी २८ लिटरची. काटा चालतो टाकीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटवर, आणि वीस वर्षांच्या फ्लोटचा अंदाज लिटर-दीड लिटरनं सहज चुकतो. गाडी उतारावर उभी असेल तर वेगळा, चढावर वेगळा. साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. आता हिशेब बघा. पाचशे रुपयांत पाच लिटरसुद्धा येत नाही, पावणेपाच धरा. त्यात गाडी ८० किलोमीटर चालली तर ॲव्हरेज निघालं जवळजवळ सतरा. पण काटा एका लिटरनं चुकला असेल आणि खरं पेट्रोल पावणेसहा लिटर जळलं असेल तर तीच गाडी, तोच प्रवास, ॲव्हरेज चौदा. इंजिनात काहीही बिघडलेलं नाही, आणि तुम्ही मात्र तीन किलोमीटर पडले म्हणून आमच्या दारात.

म्हणून फुल टँक करूनच मोजा. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. "राउंड फिगर करू का साहेब?" असं विचारतील, तेव्हा नको म्हणा. त्या राउंड फिगरच्या नादात कधी अर्धा लिटर जास्त जातं, कधी पाव, आणि पुढचा हिशेब तिथेच बिघडतो. किलोमीटरचा आकडा पावतीच्या मागे लिहा. मग नेहमीसारखी गाडी चालवा, निदान तीनशे किलोमीटर. मुद्दाम सांभाळून नको, नेहमीसारखी. त्यानंतर पुन्हा त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशिनवर, पहिल्या कटपर्यंत भरा. समजा आधीचा आकडा ६२,४१० होता, आता ६२,८०६ आहे आणि पेट्रोल बसलं २४ लिटर. ३९६ भागिले २४, म्हणजे साडेसोळा. इथे एक लिटरची चूक झाली तरी उत्तर पंधराच्या खाली येत नाही. मोठ्या आकड्यात चूक विरघळून जाते, पाचशेच्या पेट्रोलात ती तशीच टोचत राहते.

असं दोनदा करा आणि दोन्ही पावत्या घेऊन या. एवढं केलंत तर आमचं निम्मं काम झालं.

एक निवृत्त मास्तर त्यांची ८०० घेऊन एका वर्षात तीन वेळा आले. दर वेळी तक्रार एकच, अकरा देते. दोन वेळा आम्ही प्लग, फिल्टर, टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हचं अंतर) सगळं बघून दिलं. तिसऱ्या वेळी मी चावी ठेवून घेतली, गाडी फुल केली, शेंद्र्याला हायवेवर चढून कऱ्हाडपर्यंत जाऊन आलो आणि उरलेले दोन दिवस गावातल्या कामांना तीच वापरली. निघालं पंधराच्या वर. मास्तर माझ्यावर नाही, काट्यावर चिडले.

टायर मोठा, किलोमीटर छोटा

मोजूनही कमी आलं तर टायरवरचे आकडे वाचा. ८०० ला कंपनीचा टायर १४५/७० आर १२. अनेकांनी बदलताना अल्टोचा १४५/८० टाकलाय, कारण तो पटकन मिळतो आणि गाडी जरा उंच दिसते. त्याचा व्यास पावणेसहा टक्क्यांच्या आसपास जास्त भरतो. म्हणजे गाडी खरी १०० किलोमीटर गेली तरी मीटर दाखवणार ९४-९५. सोळाचं ॲव्हरेज कागदावर पंधरा होतं, आणि त्याचं बिल कार्बोरेटरच्या (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) नावावर फाटतं.

आम्ही इंजिनला शेवटी का हात लावतो

ही तक्रार आमच्याबद्दल आहे, म्हणून जरा सविस्तर. "ट्यूनिंग सांगितलं होतं, तुम्ही ब्रेक कशाला उघडलेत?" असं लोक विचारतात. त्याचं कारण असं की जुन्या गाडीत पेट्रोल जळतं इंजिनात, पण वाया जातं बऱ्याचदा चाकांत. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं तर ते सुटं फिरायला हवं. मागच्या ब्रेकचे ड्रम धरून बसलेले असतील, हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहिली असेल, तर तुम्ही दिवसभर ब्रेक लावूनच गाडी चालवताय. घरी बघायचं असेल तर हायवेवरून आल्यावर चारही चाकांच्या जवळ हात न्या (ड्रमला चिकटवू नका, भाजेल). एकच चाक जास्त तापलेलं लागलं, तर ॲव्हरेज तिथे गेलं.

मग टायरमधली हवा, क्लच घसरतोय का, एअर फिल्टर, प्लग. पन्नास ठिकाणी ट्यूनिंग म्हणजे कार्बोरेटरवर स्प्रे मारायचा, प्लगला पॉलिश पेपर लावायचा आणि गाडी द्यायची. तासाभरात होतं, आमच्यापेक्षा स्वस्तही पडतं. आम्ही प्लग घासत नाही. आधी त्याचा रंग बघतो. फिकट तपकिरी असेल तर जळण बरोबर, काळा काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला असेल तर कमी. घासलेला प्लग काहीच सांगत नाही. तेव्हा गाडी आणायच्या आदल्या दिवशी प्लग साफ करून आणू नका. डॉक्टरकडे जाताना आपण ताप उतरवून जात नाही. बदलायचे झाले तर सगळे एकदम बदलतो आणि जुने पिशवीत घालून डिकीत ठेवतो, म्हणजे काय काढलं ते तुम्हाला बघता येतं.

स्क्रू फिरवण्याबद्दल

कार्बोरेटरच्या गाड्यांचे मालक यूट्यूब बघून मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा) स्क्रू आवळतात, की पेट्रोल कमी जाईल. तो स्क्रू बघतो फक्त स्लो स्पीड (उभ्या गाडीत इंजिन चालू असतानाचा) आणि ॲक्सिलरेटर जरासा दाबल्यानंतरचा टप्पा. साठच्या वेगात गाडीला पेट्रोल मिळतं ते मेन जेटमधून (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र), आणि त्याला या स्क्रूशी काही देणंघेणं नाही. मग होतं काय, तर स्क्रू आवळल्यावर गाडी सिग्नलला बंद पडते, म्हणून स्लो स्पीड वाढवायचा, आणि उभ्या गाडीत पेट्रोल जळत राहतं. आमच्याकडे येणाऱ्या दर तीन-चार कार्बोरेटरांत एक तरी असा फिरवलेला असतो. फिरवला असेल तर तसं सांगा, आम्ही ओरडणार नाही. न सांगितल्यानं आम्ही तासभर भलतीकडे शोधत बसतो.

इंजेक्शनच्या गाड्यांत (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो त्या), म्हणजे साधारण २००० नंतरच्या ८०० पासून पुढे, फिरवायला तसा स्क्रूच नाही. "कॉम्प्युटरवर ट्यूनिंग करा" म्हणून आग्रह धरू नका. सेन्सर बरोबर असतील तर कॉम्प्युटर ट्यूनिंग स्वतःच करतो.

थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाड्या

हा भाग सँट्रो आणि वॅगन-आरवाल्यांनी वाचावाच. उन्हाळ्यात गाडी गरम झाली की रस्त्यावरचा एखादा मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो. गाडी गरम व्हायची थांबते, मालक खूश. पुढच्या हिवाळ्यात तोच मालक ॲव्हरेज पडत नाही म्हणून येतो, आणि दोन गोष्टींचा संबंध त्याच्या लक्षात येत नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार. साधारण ८० अंशांच्या पुढे ते उघडतं, तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन पटकन तापतं. ते काढलं की पाणी सुरुवातीपासून थंड होत राहतं. सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो, इंजिन अजून गार आहे, आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. थोडक्यात, जुन्या गाडीचा चोक ओढून ठेवावा आणि तशीच पुण्याला न्यावी, तसं. एक सँट्रो आमच्याकडे साडेदहाच्या ॲव्हरेजनं आली होती. मालकानं त्याआधी दुसरीकडे इंजेक्टर साफ करून घेतले होते, प्लग बदलले होते, सेन्सरही बदलला होता. थर्मोस्टॅट बसवून आणि गळका रेडिएटर दुरुस्त करून ती तेराच्या पुढे गेली. गरम होण्याचं खरं कारण तो रेडिएटर होता.

तुमच्या गाडीचं बघायचं तर हायवेवर अर्धा तास चालवा. तापमानाचा काटा तळाशीच लोळत असेल तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. हा पार्ट काही शेकड्यांत मिळतो आणि नेहमीच्या गाड्यांचे आम्ही दुकानात ठेवतो.

नव्या पेट्रोलबद्दल

"इथेनॉलमुळे ॲव्हरेज गेलं" हेही रोज ऐकतो. थोडं खरं आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं की मुळात बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) ६ ते ७ टक्के कमी होईल. म्हणजे सोळाचे पंधरा. सोळाचे अकरा झाले असतील तर दोष इथेनॉलला देऊ नका, गाडी दाखवा.

कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक गंमत आहे. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर तेच मिश्रण हलकं पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. गाडी थंड असताना धक्के खाते, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटका मारते. याला उपाय आहे, पण तो गाडी चालवून बघून करायचा, ऐकीव माहितीवर नाही. आणि रबरी पेट्रोल पाईप, गाडीतल्या पंपाचा पडदा, गॅस्केट जुने असतील तर एकदा तपासून घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर उद्यावर ढकलू नका, तो ॲव्हरेजचा नाही, आगीचा प्रश्न आहे. महिनोन् महिने उभ्या गाडीत पेट्रोल तसंच पडू देऊ नका. इथेनॉल पाणी ओढतं.

पेट्रोल लाइनवर लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यावर चालणारे किट आम्ही विकत नाही. लावून देत नाही. लावून आणलेले मात्र बरेच काढले आहेत.

आणि तुमचा पाय

यावर फार बोलत नाही, घरात भांडणं होतात. पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना ४५ ते ५५ चा वेग सांगते. हायवेवर तेवढ्यानं चालवा म्हटलं तर मागचे ट्रकवाले ऐकणार नाहीत, पण नव्वदवरून सत्तरवर या, फरक पावतीवर दिसेल. राजवाड्यावरून पोवई नाक्यापर्यंत दिवसातून चार वेळा थंड गाडी काढत असाल तर हायवेचं ॲव्हरेज मागू नका. यवतेश्वर चढून कासला गेलात त्या आठवड्याचा आकडाही धरू नका. आणि जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो.

आणताना

पावत्या नसतील तरी या, मोजून आम्ही देतो. त्याला तीन दिवस गाडी ठेवावी लागते आणि ३०० रुपये अधिक पेट्रोल. पुढचं काम आमच्याकडेच केलंत तर हे ३०० बिलातून वजा. मोजल्यावर गाडी ठीक निघाली तर तसं तोंडावर सांगतो आणि दुसरं काहीही लावत नाही.

काम सांगायचं असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सातच्या आत आणून सोडा. टॅपेटचं अंतर आम्ही थंड इंजिनवरच तपासतो. दुपारी बारा वाजता पुण्याहून खंबाटकी चढून आलेली तापलेली गाडी पुढे लावायची आणि "तासाभरात होईल ना?" विचारायचं, तर उत्तर नाही असंच आहे, अगदी तुम्ही आमचे वीस वर्षांचे ग्राहक असलात तरी. त्या दिवशी फार तर हवा बघून देऊ आणि चहा पाजू.