नाल्यातला पोलिओ

पोलिओचा विषाणू शिरलेल्या साधारण दोनशे मुलांपैकी एखाद्याचाच पाय लुळा पडतो. बाकीची हसत-खेळत असतात आणि आठवडेच्या आठवडे शौचावाटे विषाणू बाहेर टाकतात. लुळं पडलेलं मूल सापडेपर्यंत विषाणू वस्तीभर फिरून झालेला असतो. म्हणून २००१ पासून मुंबईत सांडपाणीच तपासायला सुरुवात झाली. परळला हाफकिनच्या आवारातलं एन्टरोव्हायरस (पोलिओसारखे आतड्यात वाढणारे विषाणू) संशोधन केंद्र हे काम करू लागलं.

नमुना लिटरभर पुरतो, पण वेळ साधावी लागते. भल्या सकाळी, शौचालयांसमोर रांगा असतात तेव्हा. भरती असेल तर खाडीचं पाणी नाल्यात उलटं शिरतं आणि विषाणू विरळ होतो. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. बाटली बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायची.

तिथे अर्धा लिटर पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ वेगळा करतात. वरच्या पाण्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल, डेक्स्ट्रान आणि मीठ मिसळून ते तोटीच्या काचपात्रात ४ अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळी दोन थर दिसतात. विषाणू खालच्या चिमूटभर थरात आणि दोन थरांच्या सीमेवर जमतो. तोटी हळू सोडून तेवढाच भाग घ्यायचा. घाई केली की वरचा थर मिसळतो आणि रात्र वाया. मग क्लोरोफॉर्म. त्याने जिवाणू आणि बुरशी मरते. पोलिओला चरबीचं वेष्टनच नाही, त्यामुळे तो शाबूत राहतो.

आता पेशींची पाळी. उंदराच्या पेशीत पोलिओ एरवी शिरत नाही. 'एल-२०-बी' या उंदराच्या पेशींवर मात्र माणसाच्या पेशीवरचं पोलिओचं 'दार' बसवलेलं असतं, म्हणून त्या मेल्या तर संशय पोलिओवरच. पाच दिवस रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, काही दिसलं नाही तर तेच द्रव नव्या पेशींवर घालून आणखी पाच दिवस. कारखान्याच्या रसायनांनीही पेशी मरतात. पण विष नव्या पेशींवर जाताना पातळ होतं, विषाणू मात्र वाढतो.

खरी पंचाईत 'काही सापडलं नाही' या अहवालाची. तो कधी मानायचा? त्याच ठिकाणच्या नमुन्यांत इतर एन्टरोव्हायरस अधूनमधून मिळत असतील तर. तेही कधीच नसतील तर नमुना घेण्यातच खोट आहे.

भारतात सांडपाण्यात रानटी, म्हणजे लशीतून न आलेला, पोलिओ शेवटचा सापडला तो मुंबईतच, नोव्हेंबर २०१० मध्ये. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. तोंडावाटे द्यायच्या डोसात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो; पोलिओच्या तीन प्रकारांपैकी टाइप २ त्यातून एप्रिल २०१६ मध्ये काढला. तेव्हापासून नाल्यात लशीतला टाइप २ दिसला तरी तो आला कुठून, याचा शोध सुरू होतो.