सॅट देताय? मग मॉकवर मॉक टाकण्याआधी हे वाचा

सॅट म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, तिच्या तयारीला आमच्याकडे नवीन येणारं जवळजवळ प्रत्येक मूल पहिला प्रश्न हाच विचारतं की मॉक, म्हणजे सराव परीक्षा, किती देऊ, आणि आमचं उत्तर ऐकून जरा हिरमुसतं, कारण आम्ही म्हणतो कमी द्या.

आधी पेपर समजून घ्या. अमेरिकेबाहेर मार्च 2023 पासून आणि अमेरिकेत मार्च 2024 पासून सॅट स्क्रीनवरच होते, त्यामुळे ताईदादाची जुनी जाड पुस्तकं असतील तर गणितापुरती ठेवा, लांबलचक उतारे आता नाहीत, एक छोटा उतारा आणि त्यावर एकच प्रश्न. रीडिंग-रायटिंगचे 54 प्रश्न 64 मिनिटांत, मग 10 मिनिटं ब्रेक, मग गणिताचे 44 प्रश्न 70 मिनिटांत. स्कोर 400 ते 1600.

खरी गोम पुढे आहे. दोन्ही सेक्शनचे दोन-दोन मॉड्यूल, म्हणजे भाग, असतात आणि पहिलं कसं गेलं त्यावर दुसरं सोपं येणार की अवघड ते ठरतं, आणि सोपं आलं की वरचा स्कोर हातातून गेलाच समजा. म्हणून पहिल्या मॉड्यूलमध्ये घाईघाईत सोपे प्रश्न चुकवणं फार महागात पडतं, हुशार मुलंच इथे जास्त मार खातात असा आमचा अनुभव. निगेटिव्ह मार्किंग नाहीये, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका, अंदाजे का होईना ठोका.

आता मॉक. सॅट ज्यावर द्यायची त्या ब्लूबुक ॲपमध्ये परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या फुल टेस्ट फुकट आहेत पण मोजक्याच, दर रविवारी एक उडवली तर परीक्षेच्या आधीच संपतील. एक द्या आणि पुढचे आठ-दहा दिवस तिच्यावरच बसा. वही करा, प्रत्येक चुकीपुढे लिहा: येतच नव्हतं, का येत होतं पण वाचलं चुकीचं, का वेळ पुरला नाही. "सिली मिस्टेक" असं लिहायचं नाही, त्यातून काहीच कळत नाही, x काढला आणि विचारलं होतं 2x तर तसंच लिहा. तुक्का लागून बरोबर आलेले प्रश्नसुद्धा वहीत आले पाहिजेत, हे कोणी करत नाही! पाच दिवसांनी तेच प्रश्न कोरे घेऊन परत सोडवा. कच्चा निघालेला टॉपिक खान अकॅडमी या शिकवणाऱ्या वेबसाइटवर फुकट करता येतो.

डेस्मॉस कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच मिळतो, दोन समीकरणांचे आलेख कुठे छेदतात ते त्यावर बघायची सवय आधीच लावून घ्या, पण 15 टक्के काढायलाही तोच उघडत बसलात तर वेळ जाणारच.

परीक्षेच्या आदल्या रात्री लॅपटॉप फुल चार्ज, ब्लूबुकमधलं सेटअप त्याच्याही आधी उरकलेलं, आणि नवीन काही वाचायचं नाही.

पहिली मॉक झाली की आम्हाला स्कोर फोनवर सांगू नका, वही घेऊन या, तिच्यावरून पुढचं टाइमटेबल बनवू.