ज्यूकबॉक्सचा सूर आणि पुण्याची वीज

१९५० च्या दशकातला अमेरिकन ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की निवडलेली रेकॉर्ड वाजवणारं यंत्र, पुण्यातल्या घरी आणून सुरू केला, की पहिली तक्रार बहुतेकदा एकच असते: गाणं रडतंय. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावलेला असतो, २३० व्होल्टचे ११७ झालेले असतात, तरी गायिका झोपेत गातेय असं वाटतं. दोष सुईला दिला जातो, रेकॉर्डला दिला जातो. खरं कारण विजेच्या सायकल्समध्ये असतं.

अमेरिकेतली वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५० ची; म्हणजे सेकंदाला तितक्या सायकल्स. ज्यूकबॉक्सच्या एसी मोटरचा वेग या आकड्याला बांधलेला असतो आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. मिनिटाला ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड त्यामुळे साधारण ३७.५ फेऱ्यांनी फिरते. तीन मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ३६ सेकंद चालतं आणि सूर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच उतरतो. पेटीवर लावून पाहा: काळी चारचं गाणं पांढरी चारच्याही किंचित खाली गेलेलं सापडेल.

मोटरच्या दांड्यावरून रबरी चाक आणि त्या चाकावरून तबकडी फिरत असेल, तर इलाज स्वस्त आहे. वेग ठरतो तो दांड्याच्या व्यासावर. मधल्या चाकाचा व्यास कितीही असला तरी फरक पडत नाही. दांडा १.२ पट जाड करायचा. ५ मिमीचा असेल तर ६ मिमी, म्हणजे दांड्यावर चढवायचा अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पितळी बुश (नळी). भोसरीतला कुठलाही चांगला लेथवाला तो करून देईल, पण बुशचं आतलं आणि बाहेरचं वर्तुळ अगदी एककेंद्री हवं, हे त्याला बजावून सांगा. नाहीतर दांड्याच्या प्रत्येक फेरीला सूर थरथरतो. रबर जुनं होऊन कडक झालं असेल, एका जागी चपटं झालं असेल, तर तेही याच वेळी बदलून घ्यावं. तबकडी दातेरी चाकांवर चालत असेल तर बुशचा उपयोग नाही. तिथे योग्य दात्यांचं चाक बसवा, किंवा ६० हर्ट्‌झ देणारा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर लावा. इन्व्हर्टरचा आणखी एक फायदा आहे. ६० हर्ट्‌झसाठी बनलेल्या ट्रान्सफॉर्मरला त्याच व्होल्टेजची ५० हर्ट्‌झ वीज दिली, की त्याच्या गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र २० टक्के वाढतं आणि तो तापतो. दोन तास गाणी वाजल्यावर येणारा वार्निशचा वास त्याचाच. अजून यंत्र घेतलंच नसेल, तर सरळ युरोपात २२० व्होल्ट, ५० हर्ट्‌झसाठी बनलेलं शोधावं. आमचं मत तेच.

वेग तपासायला पट्ट्यांची स्ट्रोब तबकडी वापरतात; वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली तिच्या पट्ट्या स्थिर दिसतात. ५० हर्ट्‌झवरचा निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ४५ फेऱ्यांसाठी १३३ पट्ट्या लागतात. अमेरिकन तबकडीवर त्या १६० असतात, आणि तीच पुण्यातल्या दिव्याखाली बरोबर ३७.५ फेऱ्यांना स्थिर दिसते! म्हणजे चुकलेला वेग अचूक असल्याची ग्वाही ती देते. १३३ पट्ट्यांचीच छापून घ्या. चांगले एलईडी दिवे लुकलुकत नाहीत. अंधार करून निऑनचा टेस्टर जवळ धरला तरी काम भागतं.

वर्षानुवर्षं बंद पडलेलं यंत्र थेट प्लगला लावू नये. आतले मेणकागदी कपॅसिटर गळके झालेले असतात, इलेक्ट्रोलिटिक वाळलेले. दोन्ही आधी बदला. नवे तपकीर गल्लीत मिळतात, व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त घ्यावं. मग १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घालून वीज द्या. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सेलेनियमचा रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) असेल तर तो काढाच, जळताना त्याचा धूर विषारी असतो. जागी सिलिकॉन डायोड बसवला की व्होल्टेज वाढतं, ते उतरवायला सिरीजमध्ये रेझिस्टर घालावा लागतो.

रेकॉर्डसाठी बुधवारी आणि रविवारी जुना बाजार गाठावा. हवी ती सात इंची. लेबलवर ४५ लिहिलंय का, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका; आपल्याकडे ३३⅓ फेऱ्यांच्या सात इंचीही निघाल्या, त्या ज्यूकबॉक्सवर किंचाळतात. हिंदी-मराठी ईपींच्या (या सात इंची रेकॉर्डच्या) एका बाजूला बहुधा दोन गाणी असतात. यंत्र निवडतं ती बाजू, गाणं नव्हे, तेव्हा चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहावीत.

मोठी अडचण भोकाची. ज्यूकबॉक्सला ३८ मिमीचं लागतं, आपल्या बऱ्याच ईपींचं ७ मिमीच्या आसपास असतं. लहान भोकात बसणारी खुंटी मधोमध असलेला पंचच वापरा. ड्रिलने किंवा तापलेल्या सळईने केलेलं भोक हमखास सरकतं. ते १ मिमी सरकलं, तर शेवटच्या खाचांजवळ, जिथे सुई केंद्रापासून ५५ मिमीवर असते, वेग दर फेरीला १.८ टक्के वर आणि तितकाच खाली जातो. फेरी १.३३ सेकंदांची. ठेक्याच्या गाण्यात ते खपून जातं, पण बासरीचा लांब सूर लागला की झुलताना स्पष्ट ऐकू येतं. दुर्मीळ रेकॉर्ड कापू नये, ती साध्या प्लेअरवर ऐकावी.

१९५८ नंतरच्या स्टिरिओ रेकॉर्ड जुन्या मोनो पिकअपवर लावू नका. त्या पिकअपची सुई वरखाली हलत नाही, आणि स्टिरिओच्या खाचा नेमक्या वरखालीही असतात. काही वेळा वाजवल्यावर त्या खरवडून निघतात.

राहिलं नाणं. अमेरिकन यंत्रात लोखंडी चकत्या टाकून फसवणाऱ्यांसाठी एक चुंबक असतं. आपला स्टीलचा रुपयाही चुंबकाला चिकटतो आणि तिथेच अडकतो. ठोकाठोकी करू नका, नाणं परत करायचं बटण दाबलं की तो सुटतो. घरच्या वापरासाठी नाणं पडल्याची नोंद करणाऱ्या क्रेडिट स्विचला समांतर एक पुशबटण जोडून घ्यावं.