पाण्यावरचं विमान जोडताना

रिमोटवर उडणाऱ्या आमच्या फोमच्या सीप्लेनची पेटी उघडली की ग्राहकांचा फोन बहुतेक तळाबद्दल येतो: "खाली मधोमध पायरी राहिलीये, घासून काढू का?" नका काढू. विमान वेग घेतं तेव्हा याच पायरीपाशी पाणी तळापासून सुटतं. ती सपाट केलीत, तर कितीही थ्रॉटल (मोटरचा जोर) दिलं तरी विमान पाण्याला चिकटून राहील. मोटर किंचित वर बघते, तेही मुद्दाम. ती पंखाच्या वर असल्याने जोर लावला की नाक खाली दाबते. तिरपी बसवली की तो दाब कमी होतो.

पंख आणि शेपटी एपॉक्सीने चिकटवा. साधा सुपरग्लू काही जातींचा फोम खातो. प्रॉप, म्हणजे मोटरवर फिरणारा पंखा, सगळ्यात शेवटी लावा. आधी प्रॉपशिवाय मोटर फिरवून बघा. उलटी फिरली, तर मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) यांच्यामधल्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. बॅटरीच्या तारांशी मात्र हा खेळ नको.

खरा वेळ द्यायचा तो पाणी अडवण्यात. ईएससी आणि रिसीव्हरच्या (रिमोटचे संदेश घेणाऱ्या भागाच्या) सर्किटवर सिलिकॉनचा पातळ थर द्या, पण पिना कोरड्या ठेवा. सर्वोच्या (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) सळ्या बाहेर येतात तिथे व्हॅसलीन भरा. झाकणाच्या कडेवर टेप लावा. दिसायला वाईट, पण काम चोख. मग बॅटरी आत ठेवून पंखाखालच्या खुणांवर दोन बोटांनी विमान तोला. नाक जरा झुकलं तर चालेल, शेपटी झुकता कामा नये.

खाऱ्या पाण्यात उतरलात, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, वाळवा आणि मोटरच्या बेअरिंगला तेलाचा थेंब द्या. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ठेवून द्यायची असेल तर दर सेल ३.८ व्होल्टवर, भरलेली कपाटात नको.

२०१७च्या डिसेंबरात गिरगाव चौपाटीजवळ खरं सीप्लेन उतरलं होतं, पण तेवढ्यावरून तुम्हीही तिथे जाऊ नका. सांताक्रूझ आणि जुहूच्या विमानतळांमुळे शहराचा बराच भाग निर्बंधांत येतो, शिवाय पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा आणि चालू आदेश बघूनच जागा ठरवा. पवईच्या तलावात मगरी आहेत, हे वेगळं सांगायला नको.

दुरुस्तीला आणताना बॅटरी सोडवून, पंख काढून आणा. दुपारच्या लोकलमध्ये विमान मावतं. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये नाही.